विश्लेषण : परदेशात जाऊन गरजूंची घरे बांधणाऱ्या स्वयंसेवकांचा खरा उपयोग किती? मळवली ते मालवण, एक हिशेब

मे महिना उजाडला की मालवण तालुक्यातल्या वाड्यांमध्ये छपरांवर माणसे दिसू लागतात. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि मृग लागायच्या आत घर पुन्हा शाकारायचे. त्यासाठी मुंबईचा चाकरमानी रजा टाकून गावी येतो आणि शेजाऱ्याच्या छपरालाही हात लावून जातो. त्याला कोणी स्वयंसेवक म्हणत नाही.

हेच काम करण्यासाठी विमानाने दुसऱ्या देशात जायचे, राहण्या-खाण्याचा खर्च स्वतः करायचा आणि अनोळखी कुटुंबाच्या घराची भिंत उभी करायची, ही पद्धत मात्र जगभर रुजली आहे. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांसमोरही अशा मोहिमांची आवाहने येतात आणि मग घरी फोन लागतो, ‘जाऊ का?’ घरचे विचारतात, खर्च किती? त्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या खर्चातून घर कोणाचे आणि किती उभे राहणार?

मळवलीत काय घडले होते?

महाराष्ट्राने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पाहिला तो २००६ मध्ये. लोणावळ्याजवळच्या मळवली परिसरातील पाटण गावात ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपलेल्या मोहिमेत १०० घरे उभारण्यात आली. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या या कामासाठी देश-परदेशातून सुमारे दोन हजार स्वयंसेवक आले होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन स्वतः बांधकामावर होते. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. हॉलीवूडचा अभिनेता ब्रॅड पिट त्या वेळी पुण्यात चित्रीकरणासाठी आलेला होता, तोही येऊन काम करून गेला. साहजिकच बातम्या त्याच्या झाल्या.

आठवड्यात १०० घरे हा आकडा ऐकायला भारी वाटतो. पण बांधकामाची थोडी माहिती असलेल्या कोणालाही लगेच शंका येईल. पायाचे काँक्रीट घट्ट व्हायलाच दिवस लागतात. म्हणजे अशा मोहिमेत आठवडा सुरू होण्यापूर्वी बरेच काही झालेले असावे लागते. जमीन, कुटुंबांची निवड, परवानग्या, पाया आणि जोते हे सगळे आधी. आठवडाभर उभ्या राहतात त्या भिंती. नंतरची उरलीसुरली कामेही स्थानिक माणसांकडेच येतात. स्वयंसेवकाचा आठवडा हा मोठ्या कामाचा मधला, फोटोत येणारा तुकडा असतो. यात फसवणूक काही नाही, पण ‘आम्ही जाऊन घर बांधले’ हे वाक्य त्यामुळे थोडे सैल पडते.

ही पद्धत आली कुठून?

मिलर्ड आणि लिंडा फुलर या दाम्पत्याने १९७६ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस येथे ‘हॅबिटॅट’ची स्थापना केली. तिची मूळ कल्पना दानाची नव्हती. कुटुंबाला बिनव्याजी कर्जावर घर द्यायचे, कुटुंबाने बांधकामात ठरलेले तास श्रम करायचे आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढचे घर उभे करायचे. स्वयंसेवक या साखळीतला एक दुवा होता. कार्टर दाम्पत्य १९८४ मध्ये न्यू यॉर्कमधील एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीत उतरले आणि संस्थेचे नाव जगभर झाले. त्यानंतर जवळपास दरवर्षी त्यांचा एक आठवडा कोणत्या ना कोणत्या बांधकामावर जाऊ लागला. कार्टर यांचे २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले.

त्यांचा महाराष्ट्राशी संबंध मात्र २००६ पेक्षा जुना. त्यांची आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ योजनेतून मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिका म्हणून राहिल्या. मुलाचा आठवडा, आईची जवळपास दोन वर्षे. स्वयंसेवेच्या चर्चेत हा फरक नेहमी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

भारतात परदेशी माणसाने येऊन घरे बांधण्याचा प्रकार त्याहूनही जुना आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडचा अभियंता काही मोजक्या सहकाऱ्यांसह मुझफ्फरपूर परिसरात आला. पहिल्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त गावे उभारण्यासाठी त्याने आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची संघटना सुरू केली होती. बिहारमधली कामे त्याने राजेंद्रप्रसाद यांच्या मदतकार्याशी जोडून घेतली आणि १९३७ पर्यंत तो पुन्हा पुन्हा येत राहिला. माणसे मोजकी, पण काम वर्षानुवर्षे चाललेले.

मग टीका कशावरून होते?

ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस ‘मिच’ चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देशाची दैना केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतून अनेक गट तिथे घरे बांधायला गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट वेर बीक यांनी काही वर्षांनी मागे जाऊन त्याचा अभ्यास केला. परदेशी गटांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबे आणि स्थानिक संस्थांनी बांधून दिलेल्या घरांतली कुटुंबे, अशी तुलना त्यांनी केली. घर मिळाल्याचा आनंद दोन्हीकडे होता आणि कोणी बांधले यावरून कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात फारसा फरक दिसला नाही. मात्र खर्चात मोठी तफावत होती. सुमारे दोन हजार डॉलरचे एक घर बांधण्यासाठी येणारा गट प्रवासासह साधारण ३० हजार डॉलर खर्च करत होता. पैसे पाठवले असते तर आणखी किती घरे झाली असती, हे तिथल्या लोकांनाही कळत होते.

हाच हिशेब रुपयांत मांडला तर? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ अनुदान आहे. रोजगार हमीची मजुरी, शौचालयाचे अनुदान आणि राज्याची भर वेगळी. या योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलेले आहे. मुंबईहून अमेरिकेला जाऊन येण्याचे तिकीट अनेकदा याच रकमेच्या आसपास जाते. त्यात व्हिसा, विमा आणि संस्थेला द्यायचे योगदान मिळवले की एका माणसाच्या दोन आठवड्यांच्या सेवेला एका घरकुलाच्या अनुदानाहून जास्त पैसे लागतात.

अर्थात, तिकिटाचे पैसे वाचले म्हणून ते गरजूच्या घराकडे गेलेच असते असे नाही. ते बहुतेक वेळा सहलीला जातात. संस्थांचा बचावही हाच असतो आणि तो अगदीच पोकळ नाही. स्वतः विटा वाहून आलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे देणगी देतो, असे त्या सांगतात. वेर बीक यांच्या अभ्यासात मात्र गेलेल्यांच्या देणग्यांतही मोठा, टिकाऊ बदल सापडला नव्हता.

मालवणात असा गट आला तर काय करील?

उदाहरण दूरचे नको. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मालवणच्या समोरून समुद्रातून उत्तरेकडे सरकले. ते किनाऱ्यावर धडकले नाही, नुसते बाजूने गेले, तरी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात कौले उडाली, पत्रे उडाले, माड आणि आंब्याची झाडे घरांवर पडली. वीज गेली ती काही वाड्यांत कित्येक दिवस आली नाही. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीला झोडपले होते. अशा वेळी वीस परदेशी तरुण मदतीला आले असे समजा.

पहिली अडचण चिऱ्याची. इथल्या भिंती जांभ्या दगडाच्या. खाणीतून काढलेला चिरा सुरुवातीला मऊ असतो, म्हणून तासता येतो, आणि हवेवर राहून कठीण होतो. तो उचलताना कंबरेची आठवण येते. थर कसा लावायचा, सांधा कुठे फोडायचा, कोणता चिरा भिंतीत घालायचा आणि कोणता बाजूला टाकायचा हे गवंडी बोटाने ठोकून ठरवतो. ही नजर आठ दिवसांत येत नाही. वीस हौशी माणसे एका गवंड्याच्या हाताखाली दिली तर त्याचा निम्मा दिवस त्यांना सांभाळण्यात जाईल.

दुसरी अडचण खारी हवेची, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त महाग पडते. किनाऱ्यावर काँक्रीटमधली सळई लवकर गंजते. गंज चढलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून टाकते. मालवणातल्या कितीतरी स्लॅबच्या खालच्या बाजूला गळून पडलेले पोपडे आणि तपकिरी सळया दिसतात, त्याचे कारण हेच. काँक्रीटच्या भारतीय मानकात (आयएस ४५६) सौम्य हवामानात सळईवर किमान २० मिलिमीटरचे आवरण चालते. किनारी भागात ते ४५, आणि थेट समुद्राच्या तुषारांत ५० मिलिमीटरपर्यंत लागते. दोन बोटांच्या जाडीचा हा फरक आहे. आतल्या भागातल्या सवयीने कोणी बांधले, किंवा काटकसर म्हणून किनाऱ्यावरची वाळू न धुता वापरली, तर घर उद्घाटनाच्या फोटोत उत्तम दिसते आणि काही पावसाळ्यांनंतर मालकाच्या गळ्यात पडते. तोवर बांधणारे आपापल्या देशात पोहोचलेले असतात.

तिसरी गोष्ट छपराची, आणि इथे मात्र बाहेरच्या माणसाचा उपयोग होऊ शकतो. वादळात छप्पर वाऱ्याच्या दाबाने खाली बसत नाही, ते वर खेचले जाते. उतरत्या छपरावरून वारा वेगाने गेला की वरचा दाब कमी होतो, आणि दारे-खिडक्यांतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. हा ताण सगळ्यात जास्त असतो तो वळचणीला, कडांना आणि आढ्याजवळ. मंगळुरी कौल रिपेवर खालच्या खाचेने नुसते अडकलेले असते. त्याचे दोन-अडीच किलो वजन नेहमीच्या पावसाळी वाऱ्याला पुरते, चक्रीवादळाला नाही. एक कौल उचलले की शेजारच्याची कड उघडी पडते आणि मग रांगच सुटते. म्हणून कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपेला बांधणे, आढ्यावरचे कोने चुन्यात किंवा सिमेंटात पक्के बसवणे, वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडणे आणि पत्रा असेल तर कडेला हुक दाटीने मारणे, ही कामे स्वस्त आहेत आणि त्यात फार कसब लागत नाही. शिकाऊ हातांची एक तुकडी गवंड्याच्या देखरेखीखाली अशी छपरे एकामागून एक बांधून देऊ शकते. नवे घर एकच होईल, छपरे बरीच होतील. पण ‘आम्ही कौले तारेने बांधली’ याचा फोटो कोणाला आवडणार?

गंमत म्हणजे हे कौलही परदेशी माणसाचीच देणगी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला. आल्या-गेलेल्यांनी चार घरे शाकारून दिली असती तर आज कोणाला आठवलीही नसती. इथल्या मातीचे कौल इथल्या माणसांना करता येऊ लागले, म्हणून ते कोकणभर पसरले.

किल्लारीचा धडा काय?

घरे बाहेरच्यांनी बांधून द्यायची की मालकाने स्वतः, यावर महाराष्ट्राचा अनुभव मोठा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यातली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. देशभरातून आणि परदेशातून मदत आली, संस्थांनी गावे दत्तक घेतली. सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारखी घरे उभी राहिली. पण गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे ठेवायचा, भावकीचा वाडा चार गल्ल्यांत विभागला तर काय, हे आराखड्यात नव्हते. अनेक कुटुंबांनी पुढे आपापल्या परीने वाढीव खोल्या आणि गोठे जोडले.

त्याच वेळी हजाराहून अधिक गावांत वेगळी पद्धत राबवण्यात आली. नुकसान झालेल्या घराची दुरुस्ती मालकाने करायची, पैसे हप्त्याने त्याच्या हातात द्यायचे आणि अभियंत्याने तपासायचे. गाव आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून ‘संवाद सहायक’ महिला नेमण्यात आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. दगडी भिंतीत आडवे बंध कसे घालायचे हे या बायकांनी शिकून घेतले आणि गवंड्यांना विचारायला सुरुवात केली. बाहेरून आलेले कौशल्य गावात राहिले ते असे.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारने हाच मालकाच्या हाती पैसे देण्याचा मार्ग घेतला. प्रत्येक पात्र कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपये, टप्प्याटप्प्याने. तिथे खरी टंचाई कुशल गवंड्यांची होती, कारण गावोगावचे कर्ते तरुण आखातात आणि मलेशियात बांधकामावर गेलेले होते. सिंधुदुर्गाला हे चित्र अनोळखी नाही. इथलाही तरुण मुंबई-गोव्याला किंवा आखातात असतो आणि इथल्या चिरेखाणींवर, बांधकामांवर परराज्यातून आलेला मजूर दिसतो. अशा ठिकाणी आठ दिवसांच्या हौशी हातांपेक्षा दोन महिने थांबून दहा जणांना शिकवणारा एक गवंडी जास्त उपयोगाचा ठरतो.

तरीही जायचेच असेल तर?

जाण्यात गैर काही नाही. स्वतः घाम गाळल्यावर सिमेंटची गोणी आणि माणसाचे घर या दोन्ही गोष्टींचे वजन कळते. फक्त काही बाबी आधी पाहाव्यात.

व्हिसा हा पहिला मुद्दा. पगार नाही म्हणजे कोणत्याही व्हिसावर काम चालते, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. अमेरिकेत मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी ‘बी-१’ व्हिसाची सोय आहे. नेपाळला जाताना भारतीयांना व्हिसाच लागत नाही आणि प्रवासही तुलनेने स्वस्त, म्हणून पहिल्या अनुभवासाठी तो पर्याय वाईट नाही. उलट दिशेने, भारतात ई-टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला कोणताही मोबदला न घेता कमाल एक महिन्याची अल्पकालीन स्वयंसेवा करता येते. नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नये.

दुसरा मुद्दा संस्थेचा. आपण भरलेल्या पैशातले किती बांधकामाला जातात आणि किती आपल्याच राहण्या-फिरण्यावर, हे सरळ विचारावे. जागा कुटुंबाच्या नावावर आहे का? कामावर पगारी स्थानिक गवंडी आहेत की स्वयंसेवक आल्यामुळे त्यांचीच रोजी बुडते आहे? घर गळले तर पुढच्या वर्षी कोणाला सांगायचे? ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येतो, तिच्याकडे न जाणेच बरे. आणि विम्यात उंचीवरून पडणे, बांधकामावरील अपघात धरले आहेत का, हे वाचून घ्यावे. साध्या प्रवास विम्यात अंगमेहनतीचे काम अनेकदा वगळलेले असते.

आणि मालवणला मदत पाठवायची असेल तर?

तौक्तेनंतर एक गोष्ट अनेक घरांना अडली. कौले मिळाली तरी ती जुळेनात. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात खाचांचे माप थोडे वेगळे असते. जुन्या छपरात वेगळ्या छापाचे कौल घातले की ते नीट बसत नाही आणि नेमके तिथूनच पाणी येते. मंगळूरकडचे बरेच जुने कारखाने बंद पडल्याने जुना छाप नव्याने मिळणे कठीण झाले आहे. म्हणून दुबई, लंडन किंवा दादरहून गावाकडे ट्रकभर कौले पाठवायची इच्छा असेल, तर आधी फोन करून घरातल्यांना एक कौल उतरवून पालथे करायला सांगावे. मागच्या बाजूला कारखान्याचे नाव उमटवलेले असते. त्याचा फोटो मागवावा, एका हाताच्या अंतरात किती कौले बसतात ते मोजून घ्यावे, आणि मगच पैसे भरावेत. तो छाप मिळत नसेल तर गावातच कोणाचे पाडलेले जुने घर आहे का याची चौकशी करावी. पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली शंभर-दीडशे कौले बऱ्याच वाड्यांत सापडतात.